किट कारचा मागचा एक्सल: ओळखायचा कसा, नव्याने बांधायचा कसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या किट कारवर (सुट्या भागांच्या संचातून घरी जोडलेल्या गाडीवर) काम करणारे मागच्या एक्सलबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. गाड्या बहुतेक ब्रिटिश, १९५० ते १९८०च्या दशकांतल्या, थोड्या अमेरिकन. टॉर्क (आवळायचा जोर) आणि शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) यांचे नेमके आकडे ज्या गाडीतून एक्सल आला तिच्या मूळ मॅन्युअलमधूनच घ्या. इथले आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत.

गाडीचं मॉडेल मला माहीत आहे. मग एक्सल वेगळा ओळखायची गरज काय?

किट कारचं नाव बॉडी आणि चासीपुरतं खरं असतं. त्याखालचं सगळं दुसऱ्या कुठल्यातरी गाडीतून आलेलं असतं, आणि ती गाडी कोणती हे कंपनीपेक्षा गाडी जोडणाऱ्याने ठरवलेलं असतं. ब्रिटनमध्ये एप्रिल १९७३ला व्हॅट येईपर्यंत तयार गाडीवर पर्चेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या किटवर तो लागत नसे. त्यामुळे लोक किट घ्यायचे, एखादी ठोकलेली किंवा गंजलेली गाडी स्वस्तात मिळवायचे आणि तिचे भाग वापरायचे. माहितीपत्रकात फोर्ड एस्कॉर्टचा एक्सल लिहिलेला असला, तरी जोडणाऱ्याच्या अंगणात जी गाडी पडली होती तिचा एक्सल बसला, असं सर्रास झालं.

पुढच्या पन्नास वर्षांत आणखी चार मालकांनी हात घातलेला असतो. कोणी रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे) बदलला, कोणी ब्रेक बदलले, कोणी एक्सल कापून अरुंद केला. म्हणून कागद बाजूला ठेवा आणि धातू मोजा. एक्सल ओळखायच्या आधी मागवलेली बेअरिंगं आणि सील बहुतेक वेळा परतच पाठवावी लागतात.

तरीही, कोणत्या गाडीत काय सापडण्याची शक्यता जास्त?

लोटस सेव्हनपासून सुरुवात करू, कारण एकाच नावाखाली किती एक्सल येऊ शकतात हे तिच्यात दिसतं. १९५७च्या पहिल्या मालिकेत नॅश मेट्रोपॉलिटनचा, म्हणजे मुळात बीएमसीचा (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा) एक्सल होता. १९६०च्या दुसऱ्या मालिकेत स्टँडर्ड कंपॅनियनचा आला, आणि १९६८च्या तिसऱ्या मालिकेपासून फोर्ड एस्कॉर्टचा. १९७३मध्ये केटरहॅमने ही गाडी हाती घेतल्यावर आधी एस्कॉर्टचा, मग मॉरिस इटालचा आणि पुढे डी डिऑन पद्धतीचा (डिफरन्शियल चासीला, चाकं एका नळीने जोडलेली) एक्सल बसू लागला. बाहेरून मात्र ती सगळी एकाच घराण्यातली दिसते.

डटनच्या बऱ्याच गाड्या एस्कॉर्टवर बेतलेल्या होत्या. मार्लिन रोडस्टर आधी ट्रायम्फच्या आणि नंतर मॉरिस मरीनाच्या भागांवर बनली. स्पार्टन ट्रायम्फवर सुरू झाली आणि पुढे फोर्ड कोर्टिनाकडे वळली. जेसी मिज ट्रायम्फच्या हेराल्ड, व्हिटेस किंवा स्पिटफायरच्या चासीवर बसते. एनजीच्या गाड्यांखाली एमजीबी असते. कोब्राच्या प्रतिकृतींत जॅग्वारचं स्वतंत्र सस्पेन्शन बरंच दिसतं. अमेरिकेत त्याऐवजी फोर्डचा नऊ इंची किंवा ८.८ इंची एक्सल असतो. ब्रूस मेयर्स यांची १९६४ची मेयर्स मँक्स आणि तिच्या असंख्य नकला, तसंच ब्रिटनची नोव्हा, या फोक्सवॅगन बीटलवर उभ्या आहेत.

गाडीखाली शिरल्यावर आधी काय पाहायचं?

हाऊसिंगचा, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाचा, आकार. यातच निम्मं काम होतं.

मागून पाहिल्यावर हाऊसिंग गोल, फुगीर आणि बंद दिसलं, आणि डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांचा) गोळा पुढच्या बाजूने गोलाकार बोल्टांनी बसवलेला असेल, तर तो बँजो प्रकार. फोर्डचा ‘इंग्लिश’ एक्सल, सुरुवातीच्या एमजीबीचा, मिजेट आणि मॉरिस मायनरचा, तसंच अमेरिकन फोर्डचा नऊ इंची, हे सगळे या गटात येतात. यात हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) बाहेर ओढले आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून येणारा दांडा) सोडला की सगळा गोळा पुढून निघतो आणि बाकावर ठेवून त्यावर काम करता येतं.

मागे बोल्टांनी लावलेलं झाकण असेल, मधला भाग ओतीव असेल आणि त्यात दोन्ही बाजूंनी नळ्या दाबून बसवलेल्या दिसल्या, तर तो सॅलिसबरी प्रकार. फोर्डचा जाडजूड ‘अ‍ॅटलस’, नंतरची एमजीबी आणि अमेरिकन फोर्डचा ८.८ इंची (झाकणाला दहा बोल्ट) हे यात मोडतात. यात डिफरन्शियल मागून काढायचा आणि सगळी मापं एक्सलच्या आतच घ्यायची. काही हाऊसिंग तर स्प्रेडर लावून किंचित ताणल्याशिवाय डिफरन्शियल सोडत नाहीत.

एमजीबीच्या बाबतीत एवढ्यावरून सालाचाही अंदाज येतो. १९६२ पासून रोडस्टरला बँजो होता. जीटीला १९६५ पासून नळीवाला मिळाला आणि रोडस्टरला तो १९६७ मध्ये आला. दोन्हींचा रेशो सारखाच, ३.९०९, पण आतले भाग वेगळे. शिवाय तारांच्या चाकांचा एक्सल साध्या चाकांच्या एक्सलपेक्षा अरुंद असतो. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी मोजल्याशिवाय दुसरा एक्सल विकत घेऊ नका.

चाकाच्या स्टडवरून काही कळतं का?

बरंच कळतं. स्टडच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, मोजा. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर म्हणजेच पीसीडी. पाच असतील तर शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर १.७०१ ने गुणा.

चार स्टड आणि १०८ मिमी आलं तर फोर्ड. ९५.२५ मिमी हा छोट्या ट्रायम्फचा आकडा, हेराल्ड आणि स्पिटफायर. १०१.६ मिमी म्हणजे मॉरिस मायनर किंवा मिजेट. ११४.३ मिमी असेल तर एमजीबीचा विचार करा. पाच स्टड आणि १२०.६५ मिमी म्हणजे जॅग्वार. पाच स्टड आणि अवाढव्य २०५ मिमी आलं तर जुनी बीटल. नंतरच्या बीटलला चार स्टड, १३० मिमी.

मात्र हा पुरावा एकट्याने धरू नका. आवडीची चाकं बसवण्यासाठी फ्लँजला नवी भोकं पाडण्याची हौस किट कारवाल्यांना फार. फ्लँजवर भोकांचे दोन संच दिसले तर आधी हे विचारा की ती भोकं कुणी आणि किती अचूक पाडली. स्टडची पकड नीट नसेल तर तो हाफ शाफ्टच बदला.

हाऊसिंगवरचे ओतीव आकडे शोधले की उत्तर मिळतं ना?

कधी कधी. ओतीव आकडा हा त्या तुकड्याच्या साच्याचा असतो. एकच हाऊसिंग वेगवेगळ्या रेशोंसाठी वापरलं गेलं असेल, तर रेशोबद्दल तो गप्प बसतो. बोल्टखाली पत्र्याची पट्टी असेल तर ती जास्त उपयोगाची, पण गोळा बदलताना पट्टी जुनीच राहिलेली असू शकते. खरा साक्षीदार आत असतो. क्राऊन व्हीलच्या (डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या) कडेवर बहुधा दात्यांची संख्या कोरलेली असते, उदाहरणार्थ एमजीबीच्या क्राऊनवर ११ आणि ४३: ४३ त्याचे स्वतःचे, ११ त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे.

न उघडता रेशो कसा काढायचा?

गाडी स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. एक चाक घट्ट अडवा. प्रॉपेलर शाफ्टवर आणि दुसऱ्या चाकावर खडूने खूण करा. एक चाक थांबलेलं असताना दुसरं दोन वेळा फिरवलं की क्राऊन व्हील एकदाच फिरतं, आणि तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्टचे जितके फेरे होतात तितका रेशो.

दोनच फेऱ्यांत ३.५४ आणि ३.७७ मधला फरक डोळ्यांना कळत नाही. चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजून १० ने भागा. ३५ आणि थोडं वर आले तर ३.५४, पावणेअडतीसच्या आसपास आले तर ३.७७, एक्केचाळीस आणि पाव आले तर ४.१२५. हे तिन्ही फोर्डच्या इंग्लिश एक्सलमध्ये सापडतात.

ट्रायम्फमध्ये पसारा आणखी मोठा आहे. पहिल्या हेराल्डचा ४.८७५, नंतरच्या हेराल्डचा ४.११, दोन लिटरच्या व्हिटेसचा ३.८९, स्पिटफायर १५००चा ३.६३ आणि जीटी६चा ३.२७. हे गोळे एकमेकांच्या जागी बसवण्याची पद्धत जुनी असल्याने ट्रायम्फच्या भागांवर बांधलेल्या गाडीत काहीही सापडू शकतं.

लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं घसरू न देणारा डिफरन्शियल) आहे का, हे कसं कळेल?

दोन्ही चाकं अधांतरी, गिअर टाकलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेने फिरलं तर साधा डिफरन्शियल. हाताने फिरतच नसेल किंवा मोठ्या जोराशिवाय हलत नसेल, तर लिमिटेड स्लिप. झिजलेल्या क्लच प्लेटांचा लिमिटेड स्लिप या चाचणीत साधाच वाटतो, त्यामुळे ‘नाही’ हे उत्तर झाकण उघडेपर्यंत कच्चंच समजा.

माझ्या गाडीला कोणता रेशो योग्य?

आधी हिशेब करा. चाक एका फेऱ्यात १.८ मीटर जातं आणि टॉप गिअर १:१ आहे असं धरू. ३.५४ वर इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना सुमारे ३०.५ किमी ताशी वेग मिळतो, ४.१२५ वर सुमारे २६. म्हणजे ताशी १०० किमीला पहिल्यात इंजिन सुमारे ३,३०० फेऱ्यांवर, दुसऱ्यात ३,८०० वर.

किट कार डोनर गाडीपेक्षा (जिचे भाग वापरले तिच्यापेक्षा) बरीच हलकी असते. सेव्हनसारखी गाडी पाचशे-सहाशे किलोंत बसते. हलक्या गाडीला चढाला किंवा सुटायला फारसा जोर लागत नाही. लांब रस्त्यावर चालवायची असेल तर मी बहुतेकांना लहान आकड्याचा रेशो सुचवतो. उघड्या गाडीत तीन तास ३,८०० फेऱ्यांचा घुमारा ऐकणं हा छंद आहे की शिक्षा, हे ज्याचं त्याने ठरवावं. रेशो बदलला की स्पीडोमीटर चुकीचा दाखवू लागतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्सवरून निघते.

मागून आवाज येतो. डिफरन्शियल उघडू का?

इतक्यात नको. फायबरग्लासची पातळ बॉडी आणि पाठीमागे हातभरावर एक्सल, त्यामुळे या गाड्यांत प्रत्येक आवाज डिफरन्शियलचाच वाटतो. उघडलेल्या कितीतरी एक्सलमध्ये दाते स्वच्छ निघतात आणि दोष बाहेर असतो.

आधी आवाज कधी येतो आणि कधी बदलतो ते पाहा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गुणगुण येते आणि पाय काढल्यावर थांबते, किंवा उलट होतं, तर क्राऊन-पिनियनच्या दात्यांकडे संशय जातो. भार बदलला तरी घरघर तशीच राहिली आणि वेगाबरोबर वाढली, तर बेअरिंग. वळणावर एका बाजूला झुकल्यावर आवाज वाढतो किंवा नाहीसा होतो, तर चाकाचं बेअरिंग. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो, तर ते टायर आहेत; एक्सलला हात लावू नका.

क्लच सोडताना ‘टक्’ होत असेल, तर दोषी कोणीही असू शकतो: युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा वळणारा सांधा), झिजलेले स्प्लाईन (शाफ्टवरचे लांबट दाते), डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरांमागचे वॉशर, किंवा एक्सल धरणाऱ्या आर्मची रबर बुशं. बुशं सगळ्यात स्वस्त, म्हणून सुरुवात तिथून करा.

किट कारचा खास आजार म्हणजे पिनियनचा कोन. ब्रॅकेट घरी वेल्ड केलेले असतात. गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज बाजूने पाहिल्यावर एकमेकांना समांतर हवेत, फार तर एखाद्या अंशाचा फरक. तसं नसेल तर ठरावीक वेगाला थरथर आणि घुमारा येतो आणि लोक त्यापायी चांगला डिफरन्शियल बदलतात. कोन मोजायला वीस मिनिटं लागतात. वजन नेहमीइतकं असताना, चाकं जमिनीवर ठेवूनच मोजा.

तेल गळतं. सील बदलला, तरी गळतं. का?

हाऊसिंगवरचा ब्रीदर (हवा बाहेर जाण्याचं छिद्र) पाहा. रंग किंवा चिखलाने तो बुजला की तेल गरम झाल्यावर आतला दाब वाढतो आणि नवाकोरा सीलही तेल सोडतो. पावडर कोटिंग करून आलेल्या चकाचक एक्सलमध्ये तर ब्रीदर रंगाखाली गाडलेलाच असतो.

ब्रीदर ठीक असेल तर सील जिथे घासतो तो भाग नखाने तपासा. खाच लागली तर नवा सील किंचित आत किंवा बाहेर बसवा, नाहीतर त्या भागावर पातळ स्टीलची बाही चढवा. बेअरिंग झिजून शाफ्ट हलत असेल तर कोणताच सील टिकणार नाही.

दुसऱ्या मालिकेच्या लोटस सेव्हनमधली गळती वेगळ्या जातीची आहे. तिथे सस्पेन्शनचा ए-फ्रेम थेट डिफरन्शियलच्या हाऊसिंगखाली जोडलेला आहे. प्रत्येक ब्रेक आणि प्रत्येक वळण हाऊसिंगला पिळतं. जोड सुटतात, पुढे तडे जातात. तिथे गॅस्केट बदलणं म्हणजे ताप उतरवण्याची गोळी. हाऊसिंगला मजबुती द्यावी लागते.

हाफ शाफ्ट काढताना काय सांभाळायचं?

शाफ्ट कशाने अडकवला आहे ते आधी ओळखा, नाहीतर हातोडा चुकीच्या जागी पडेल.

फोर्डच्या इंग्लिश एक्सलमध्ये आणि नऊ इंचीत बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं आणि त्यामागे घट्ट कॉलर असतो. ब्रेकच्या प्लेटजवळचे बोल्ट काढले की सगळा शाफ्ट बाहेर येतो. ही कॉलरच चाकाला गाडीशी बांधून ठेवते. ती एकदाच वापरायची. काढताना ग्राइंडरने शाफ्टला ओरखडा पडू देऊ नका, कारण तिथूनच तडा सुरू होतो. नवी कॉलर प्रेसवर, पुरेशा दाबाने बसली पाहिजे. ढिली गेली तर तो शाफ्ट बाद.

८.८ इंचीत शाफ्ट आतून, डिफरन्शियलच्या पोटात, सी आकाराच्या क्लिपने धरलेला असतो. मागचं झाकण उघडल्याशिवाय तो निघत नाही. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो, म्हणून ताकदवान इंजिनाच्या गाडीत हा मुद्दा गंभीरपणे घ्या.

काही ब्रिटिश एक्सलमध्ये हब निमुळत्या टोकावर, चावीसह बसतो आणि वर मोठा नट असतो. याला भक्कम पुलर लागतो. ड्रम किंवा हबवर घण घातला की फ्लँज वाकतो. शिवाय मिजेटसारख्या जुन्या बीएमसी एक्सलांत डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात. लांब नळी लावून पान्यावर लटकण्याआधी आट्यांची दिशा पाहा.

जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

डिफरन्शियल खोलायच्या आधी काय नोंदवून ठेवायचं?

सगळं, आणि खोलायच्या आधीच. क्राऊन व्हीलच्या तीन-चार जागी बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने मोजा. पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजा. दात्यांवर रंग लावून जुना ठसा घ्या आणि फोटो काढा. एक्सल शांतपणे चालत होता आणि फक्त बेअरिंग बदलायची आहेत, तर हे आकडे तुमचं ध्येय आहेत: वर्षानुवर्षं एकमेकांत मुरलेले दाते पुन्हा त्याच जागी आणायचे.

बाजूच्या बेअरिंगांच्या कॅपवर डावी-उजवी खूण करा. त्या हाऊसिंगसकट एकत्र मशीन केलेल्या असतात, त्यामुळे अदलाबदल चालत नाही. प्रत्येक शिम कुठून निघाली ते लिहून वेगळ्या पिशवीत ठेवा, मायक्रोमीटरने मोजून.

क्राऊन चांगला आहे, पिनियन खराब आहे. एकच बदलता येईल का?

नाही. दोघांना कारखान्यात जोडीने घासून जुळवलेलं असतं आणि दोघांवर एकच जुळणी क्रमांक कोरलेला असतो. क्रमांक जुळत नसतील तर त्या गोळ्यात आधीच कोणीतरी उद्योग केला आहे.

जुळणीचा क्रम काय?

आधी पिनियनची खोली, मग पिनियनचा प्रीलोड, मग क्राऊनचा बॅकलॅश आणि बाजूच्या बेअरिंगांचा प्रीलोड, शेवटी दात्यांचा ठसा. ठसा चुकला की परत पहिल्या पायरीवर. चांगला कारागीरही दोन-तीनदा खोलतो. म्हणून जुन्या बेअरिंगची आतली भोकं किंचित मोठी करून चाचणीसाठी हाताने सरकणारा संच बनवणं फायद्याचं ठरतं. नाहीतर दर वेळी प्रेस आणि पुलर.

खोली पिनियनच्या डोक्यामागच्या शिमने ठरते. सुरुवात जुन्या शिमपासून करा. बेअरिंग नवं असेल तर जुन्या आणि नव्याच्या उंचीतला फरक त्यात मिळवा किंवा वजा करा. पिनियनच्या टोकावर कारखान्याने अधिक किंवा उणे आकडा कोरलेला असेल, तर जुन्या आणि नव्या पिनियनच्या आकड्यांतला फरकही धरा. अधिकचा अर्थ शिम वाढवा की कमी करा, हे उत्पादकानुसार बदलतं. इथे मॅन्युअलशिवाय पुढे जाऊ नका.

प्रीलोड म्हणजे बेअरिंगांना दिलेला नेमका दाब. काही एक्सलांत तो शिमने जुळवतात, आणि ते मला जास्त आवडतं, कारण नट सोडून पुन्हा आवळता येतो. बऱ्याच एक्सलांत दबणारा स्पेसर असतो. नट आवळत गेलं की तो हळूहळू दबतो आणि पिनियन फिरवायचा जोर वाढत जातो. थोडं आवळा, फिरवा, मोजा, पुन्हा थोडं. मर्यादा ओलांडली तर नट मागे घेऊन भागत नाही, नवा स्पेसर घालावा लागतो. दोन स्पेसर मागवून ठेवा. हेच कारण आहे की फक्त पिनियनचा सील बदलतानाही नट आणि फ्लँजवर खूण करून, आधीचा जोर मोजून मगच नट सोडायचा.

बॅकलॅश साधारणपणे ०.१० ते ०.२० मिमीच्या दरम्यान असतो. बँजो प्रकारात बऱ्याचदा दोन्ही बाजूंना आटे असलेल्या रिंगा असतात. एक सैल करून दुसरी तेवढीच आवळली की क्राऊन सरकतो. सॅलिसबरी प्रकारात त्यासाठी शिम एका बाजूकडून दुसरीकडे न्याव्या लागतात. क्राऊन फिरवत मोजताना बॅकलॅश ठिकठिकाणी बराच वेगळा येत असेल, तर क्राऊन वेडावाकडा बसला आहे. फ्लँजवरचा बारीकसा कचरादेखील त्याला पुरतो.

डायल गेज, प्रेस, आणि पिनियनचा बारीक जोर दाखवणारं उपकरण यांपैकी काही नसेल, तर गोळा काढून जाणत्याकडे द्या आणि बाकीचा एक्सल स्वतः करा. यात कमीपणा काही नाही. बँजोवाल्यांना हे सोपं जातं.

दात्यांचा ठसा वाचायचा कसा?

क्राऊनच्या काही दात्यांवर पिवळा मार्किंग कंपाउंड पातळ लावा, क्राऊनला फळीने किंवा हाताने थोडा अडथळा द्या आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. दात्याची फुगीर बाजू गाडी पुढे ओढतानाची, पोकळ बाजू पाय काढल्यावरची.

ठसा दात्याच्या उंचीच्या मधोमध हवा. लांबीत तो मध्यावर किंवा आतल्या अरुंद टोकाकडे किंचित झुकलेला चालतो, कारण खरा भार आल्यावर तो बाहेर सरकतो. ठसा दात्याच्या मुळाशी, खोल पडत असेल तर पिनियन क्राऊनच्या फार जवळ आहे. शिम कमी करून बाहेर घ्या. शेंड्यावर पडत असेल तर आत ढकला. (शिम डोक्यामागे असते त्या एक्सलसाठी हे.) ठसा आतल्या टोकाला चिकटला असेल तर बॅकलॅश वाढवा, बाहेरच्या रुंद टोकाला असेल तर कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

बीटलवर बनलेल्या गाडीत वेगळं काय?

तिथे एक्सल आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत असतात. जुन्या गाड्यांत स्विंग एक्सल असतो: नळी आणि तिच्यातला शाफ्ट गिअरबॉक्सपाशी झुलतात आणि चाकाचा कोन सतत बदलतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या बीटलला १९६९ पासून दोन सांध्यांचं स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. नळीला टोकाशी रबरी बूट असेल तर स्विंग. उघडा शाफ्ट आणि त्याला दोन्ही टोकांना सांधे असतील तर दुसरा प्रकार.

हलकी बॉडी चढवली की गाडी मागून उंच उठते आणि चाकं खालच्या बाजूने आत वळतात. वळणावर हे धोक्याचं. उपाय टॉर्शन बारच्या (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाईनमध्ये आहे. आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेर एक म्हणजे सुमारे ८.२ अंश, एक दाता इकडे आणि एक उलट तिकडे फिरवला की एका अंशाहूनही कमी फरक साधता येतो.

मागच्या चाकाचा ३६ मिमीचा नट सुमारे २९५ न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. खिळ्याचं भोक जुळलं नाही तर आणखी आवळा, सैल करून जुळवू नका. सैल नटाने ड्रमचे स्प्लाईन खाल्लेले मी इतके पाहिले आहेत की वापरलेला ड्रम घेताना आधी तेच पाहतो.

इंजिन मागून काढून मधोमध आणायचं असेल तर पेटी उलटी फिरते. तेव्हा क्राऊन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूला लावावं लागतं. हे विसरलं तर गाडीला मागे जायचे चार गिअर आणि पुढे जायचा एक मिळतो.

जॅग्वारचं सस्पेन्शन घेताना काय तपासू?

१९६१मध्ये ई-टाईप आणि मार्क टेनबरोबर आलेल्या या रचनेत ब्रेकच्या डिस्क आत, डिफरन्शियलला चिकटून असतात. तापलेल्या डिस्कमुळे शेजारचा ऑइल सील भाजतो, मग तेल डिस्कवर येतं. डिस्कवर तेलाचा ओघळ दिसला तर बाजूचे शाफ्ट, बेअरिंग आणि सील यांचं काम आहे हे धरून भाव करा. गोळा खाली उतरवल्याशिवाय हे नीट होत नाही, त्यामुळे बॉडी बसवायच्या आधीच उरकून घ्या.

दुसरं म्हणजे हाफ शाफ्ट इथे वरच्या सस्पेन्शन आर्मचंही काम करतो. त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटमधला प्ले थेट चाकाच्या कोनात उतरतो. एक्सजे६चा ट्रॅक ई-टाईपपेक्षा रुंद असल्याने कोब्राच्या बॉडीखाली तो बसेल की चाकं बाहेर डोकावतील, हे आधी मोजा. रेशो २.८८, ३.०७, ३.३१, ३.५४ असे मिळतात.

एक्सल अरुंद करून घेता येईल का?

येतो, पण नळी कापून वेल्ड करताना ती वाकते. सरळ दांडा आरपार घालून दोन्ही बेअरिंगांच्या जागा एका रेषेत आहेत हे तपासून घेणाऱ्याकडेच द्या. हाफ शाफ्ट कापून मध्ये वेल्ड केलेला असेल तर तो गाडीत ठेवू नका. कमी लांबीचा नवा करून घ्या.

तेल कोणतं?

१९२०च्या दशकात पॅकार्डने रस्त्यावर आणलेला हायपॉइड गिअर पुढे जवळपास सगळ्यांनी स्वीकारला. यात पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसतो, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली जातो. पण दाते एकमेकांवर घसरतही जातात, म्हणून अतिदाब सोसणारं तेल अनिवार्य. हायपॉइड एक्सलला साधारणपणे जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा ९० ग्रेडचं तेल घाला. क्लच प्लेटांच्या लिमिटेड स्लिपला त्याचं खास तेल किंवा मिश्रण लागतं, नाहीतर वळणावर तो कचकच करतो. बीटलच्या पेटीत पितळी सिंक्रो रिंगा त्याच तेलात बुडालेल्या असतात, तिथे जीएल-४ बरं.

भरण्याचं बूच आधी सोडा, मग रिकामं करण्याचं. भरायचं बूच गंजून बसलेलं आहे हे तेल काढून टाकल्यावर कळलं तर गाडी जागेवरच राहते.

नवी क्राऊन-पिनियन जोडी बसवली. लगेच जोरात चालवू का?

पहिल्या फेरीत पंधरा-वीस मिनिटं सौम्य चालवा आणि एक्सल पूर्ण थंड होऊ द्या. असं काही वेळा करा. नव्या दात्यांच्या घर्षणाने तेल नेहमीपेक्षा जास्त तापतं आणि सुरुवातीलाच फार तापलं तर दात्यांचा कठीणपणा जातो. पहिल्या काही शे किलोमीटरांत पूर्ण थ्रॉटल आणि ओझं ओढणं टाळा. आठशे किलोमीटरच्या आसपास तेल बदला. निघालेल्या तेलात चंदेरी चिखल दिसणं स्वाभाविक आहे; नखाला टोचणारे तुकडे मिळाले तर झाकण पुन्हा उघडा.